बाईंच्या सुयांची डबी

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा आणि आपल्या भांडुपच्या महिला मंडळाच्या प्रमुख माननीय माधुरीताई, आपली मशीन वर्षानुवर्षं दुरुस्त करणारे आजचे पाहुणे शिवदासभाऊ, सत्कारमूर्ती सुलक्षणाबाई, त्यांना कांदिवलीला न्यायला आलेले त्यांचे चिरंजीव नितेशभाऊ, आणि शिवणवर्गातल्या माझ्या सगळ्या मैत्रिणींनो, तुम्हा सर्वांना चेतनाचा नमस्कार.

मी भाषण लिहून आणलंय. पण अर्ध्या तासापूर्वी बाईंनी ही सुयांची डबी माझ्या हातात ठेवली आणि माझा सगळा गोंधळ उडाला. आता कागदावरचं काय वाचू आणि काय नको, हेच कळेना.

बाहेरून आलेल्यांना वाटेल, सुई ती सुई, त्यात काय एवढं? मलाही तसंच वाटायचं. पहिल्याच महिन्यात मी उशीच्या अभ्र्यावर दुहेरी रेघ काढायला जोडसुई लावली, आणि हौसेने टाका झिगझॅगवर फिरवला. सुई बाजूला सरकून मशीनच्या लोखंडी पट्टीवर आपटली, दोन तुकडे. शिवदासभाऊ, ती पट्टी तुम्हीच बदललीत. बाईंनी तुकडे वेचले आणि म्हणाल्या, "सुई मोडली गो, तू नाय मोडलंस. बस परत." अशी शिक्षिका कुणाला मिळते?

त्यांनीच शिकवलं की सुती कापडावर जाळी पाडायची तर दोन्ही कडांना पाती असलेली पंखांची सुई, आणि जरीच्या दोऱ्याला मोठ्या नेढ्याची. साध्या सुईत जर घातली की ती पिंजते. जरीची सुई साध्या सुईसारखीच दिसते, वर फक्त रंगाचा बारीक पट्टा असतो.

आणि गेल्या वर्षी आपल्या वर्गातल्या रेवतीच्या रुखवताच्या रुमालावर बाईंनी स्वतःच जरीला साधी सुई लावली. जर पिंजली. बाई म्हणाल्या, दोरा खराब. त्यानंतर रोज त्यांचं एकच, "चेतना, खंयची सुई लावू गो?" मी सांगायचे, त्या लावायच्या. मला वाटलं, परीक्षा घेतायत. मग एक दिवस त्यांनी लाल रीळ मागितलं आणि हातात आधीच लाल रीळ होतं. तेव्हा कळलं, बाईंना दिसत नाही.

नितेशभाऊ, मी तुम्हाला सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. वर्ग बंद होईल या भीतीने वर्षभर मी दहा मिनिटं आधी यायचे आणि सगळ्या मशीनना सुया लावून ठेवायचे. बाई, माफ करा, हे भरल्या सभेत बोलायचं नव्हतं. कागदावर नव्हतंच हे.

पण मघाशी डबी उघडली. आत फलालीची पट्टी, तिच्यात सुया टोचलेल्या, आणि एक सोडून प्रत्येक सुईच्या नेढ्यात दोरा. साध्या सुईच्या दोऱ्याला एक गाठ, जरीच्या सुईला दोन, जोडसुईला तीन. शिवदासभाऊ म्हणाले, या गाठी बाईंनी दोन वर्षांपूर्वीच मारल्या, त्यांच्यासमोर. म्हणजे रेवतीच्या रुमालाच्याही आधी. मग डोळे गेले तरी बाईंच्या बोटांना सगळं कळत होतं. मग जरीला साधी सुई चुकून लावली, की मुद्दाम? मला का विचारायच्या? मी त्यांना वर्षभर सांभाळलं, की त्यांनी मला वर्षभर शिकवलं? मघाशी मागे जाऊन विचारलंसुद्धा. तर म्हणतात, "तू सांगलंस ना बरोबर? मग झाला."

काय झालं, बाई? मला खरंच कळत नाहीये.

माधुरीताई, सोमवारपासून वर्ग तू घेशील का, असं तुम्ही विचारलं होतं. या कागदाच्या शेवटच्या ओळीत माझं उत्तर लिहिलंय: मला जमणार नाही. ती ओळ मी आता वाचत नाही.

कारण डबीतली ती एक सुई बिनदोऱ्याची आहे. ती कुठली, हे बाईंनी सांगितलेलं नाही. मी इथे डोळे मिटून तिच्यावरून नख फिरवलं. नेढं मोठं लागलं. जरीची आहे, बाई. बरोबर ना?

बाई मान हलवतायत.

माधुरीताई, मंडळ, आणि उन्हातान्हातून आलेल्या सगळ्यांची मी आभारी आहे. बोलण्यात काही उसवलं असेल तर पोटात घाला. पण बाई, सोमवारनंतर कधी माझी सुई चुकल्याचं कानावर आलं, तर मला माफ करू नका. कांदिवलीहून या आणि कान धरा.