दादारावांचे पिवळे तळहात

शोभावहिनी, आणि इथं जमलेल्या सगळ्या मंडळींनो, दादारावांच्या शोकसभेत, विहारात उभं राहून बोलायची माझी ही पहिलीच वेळ. थांबत थांबत बोलेन, सांभाळून घ्या.

मी नसरीन. बजाजनगरात चौकातलं मेडिकल माझं. वहिनींचे यजमान, दादाराव, कंपनीत सुटे भाग तपासायचे. नजर कमी झाली तर काम जाईल, ही त्यांची धास्ती. कुणीतरी सांगितलं म्हणून ते गाजरातल्या रंगाच्या, बीटा कॅरोटीनच्या गोळ्या नेऊ लागले. मीच म्हणाले, उपाशीपोटी घेऊ नका, तेलातुपाच्या जेवणासोबतच त्या रक्तात उतरतात. त्यांनी ते मनावर घेतलं. एकीच्या जागी दोन-दोन घेतल्या.

काही महिन्यांत तळहात पिवळे झाले. कावीळ झाली म्हणून घाबरून आले. मी काउंटरबाहेर येऊन त्यांना चष्मा काढायला लावला. डोळे पांढरे होते. काविळीत डोळे पिवळे होतात, या रंगानं होत नाहीत. गोळ्या बंद करा म्हणाले. हा रंग कातडीत, चरबीत मुरतो. अंगातून निघून जायला कित्येक आठवडे लागतात.

बरोबर होतं ते. पण तेव्हा.

दोन महिन्यांनी ते परत आले. तळहात अजून पिवळेच. दुकानात गर्दी होती. मी आतूनच म्हणाले, जाईल हळूहळू. डोळे पाहिले का मी? नाही पाहिले.

तीन आठवड्यांनी त्यांचे डोळे पिवळे दिसले ते वहिनींना. दवाखान्यात कळलं, पित्ताच्या नळीत गाठ आहे. मी डॉक्टरांना विचारलं, तीन आठवडे आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही.

सांगता येत नाही. हे घेऊन मी कुठं जाऊ?

दवाखान्यात मी दादारावांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आपा, चष्मा तर माझ्याच नाकावर व्हता. मीच काढायला पाहिजे व्हता. लई मनाला लावून घेऊ नका."

याला उत्तर आज देते. नाही दादाराव. ते काम माझं होतं.

वहिनी, तुम्ही मला एका शब्दानं विचारलं नाही. काल घरी आले तर उठून चहा केलात. तो कप तसाच ठेवून मी निघाले. म्हणून हे चारचौघांत सांगितलं. माफी मागत नाही, माफ करायचं ओझंही तुमच्याच डोक्यावर जाईल.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका.

दादाराव, जय भीम.