उसनी थुंकी

...नाही, पण मला सांगा, थुंकी आली नाही म्हणून कोणी नापास झालेलं ऐकलंय कधी? बघून घ्या, तुमच्यासमोर उभा आहे! बायोकेमिस्ट्री, पहिलं वर्ष, दुसरी खेप. यंदा प्रॅक्टिकल गेलं की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की बाबा मला काकांच्या टायरच्या दुकानात बसवणार, हे ठरलेलं. आणि प्रयोगशाळेच्या दारावर पाटी काय? 'जीवनाचे रेणू'! जीवनाचे रेणू म्हणे!

प्रयोग काय, तर नळीत स्टार्च घ्या आणि त्यात थुंकी घाला, स्वतःची! थुंकीतलं एन्झाइम स्टार्च पचवतं, मग आयोडीन टाकलं तरी निळं होत नाही. झालं! जन्मभर आई ओरडली, "मेल्या, थुंकू नकोस!" आणि इथे त्याला वीस मार्क! पण तुम्हाला सांगतो, समोर बाहेरून आलेले परीक्षक चष्म्यावरून बघतायत म्हटल्यावर... तोंड कोरडं ठाक! एक थेंब येईना! जीवनाचे रेणू म्हणे!

शेजारी आमची स्कॉलर. तिच्या स्टँडमध्ये थुंकीच्या दोन नळ्या! श्रीमंती बघा! मी हळूच म्हटलं, "अगं, एक दे ना." ती खालमानेनं पुटपुटली, "मागची घे, पण ती..." आता 'पण' ऐकायला वेळ कोणाला? ओतली की हो! एक मिनिट, निळं. पाच मिनिटं, निळं. दहा मिनिटांनी तर शाईची दौत!

परीक्षक आले. "काय हो, घरी जेवण पचतं ना?"

"सर, जरा अशक्तपणा आहे..."

त्यांनी स्कॉलरकडे वळून विचारलं, "आणि तुमची उकळलेली थुंकी कुठाय?"

उकळलेली! उकळल्यावर एन्झाइम मरतं, हे दाखवायला स्कॉलरबाईंनी मुद्दाम उकळून ठेवलेली! स्कॉलरनं माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे.

"तीस वर्षांत उत्तरं चोरलेली पाहिली," परीक्षक म्हणाले, "थुंकी पहिल्यांदाच!" आणि दिलं शून्य, गोल, सुबक.

बाहेर आलो तर कँटीनवाला लिंबू चिरत होता. तोंडाला असं पाणी सुटलं, असं पाणी सुटलं... दोन बीकर भरले असते! आता सुटून काय उपयोग?

घरी काका हजरच. "ये सोमवारपासून. काम सोपं आहे रे, हवा भरली की व्हॉल्व्हला थुंकी लावायची, बुडबुडा येतो का बघायचं. जमेल ना?"

जमतंय. रोज चाळीस टायर. आणि येतेय बरं का... भरपूर!