दर दोन तासांनी कूस

धाकटी : रडणं नंतर. आधी सांग, या सगळ्यातून तुला मिळणार काय होतं? बिनबाह्यांचा ब्लाउज?

ताई : हसू नकोस गं. चाळीस किलो उतरवले मी. पोट गेलं, गाल गेले, दंडाचं कातडं तेवढं रिकाम्या पिशवीसारखं लोंबत राहिलं. फळ्यावर लिहायला हात वर केला, की मागे अख्खा वर्ग खुसखुसायचा.

धाकटी : पोरं ती, पंखा फिरला तरी खुसखुसतात. बघू हात. अगंबाई! काखेजवळ पार उसवलंय की!

ताई : ते कातडं कापून घेतलं, आणि दहाव्या दिवशी टाके तुटले. डॉक्टरांनी बजावलं होतं, सहा आठवडे भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही.

धाकटी : आणि बाईसाहेबांनी काय उचललं?

ताई : आईला.

धाकटी : असल्या हातांनी?

ताई : दर दोन तासांनी कूस बदलावी लागते ना तिची. आठ दिवस बाई ठेवली होती. नंतर तिला दुसरं काम लागलं.

धाकटी : मग आम्ही काय मेलो होतो? मला फोनवर म्हणालीस, साथीचा ताप आहे, इकडे फिरकू नकोस!

ताई : काय सांगणार होते? आई अंथरुणाला खिळलेली, आणि ही पन्नाशीची घोडी दंड कापून घेतेय? दादानं वर्षभर तोंड उघडू दिलं नसतं. आणि तुझी जीभ तर काय...

धाकटी : जीभ चालते, तसे हातही चालतात माझे. डॉक्टरांनी नाही विचारलं, घरी कोण आहे ते?

ताई : विचारलं. म्हटलं, भावंडं आहेत, काळजी नको.

धाकटी : वा! तिथे भावंडं हजर, घरी साथीचा ताप.

ताई : बोल, बोल. टाके तुटले, पू झाला, करंगळी अजून बधिर आहे. घाबरले मी. मग रात्रीची कूस बदलणं सोडलं. आईला म्हटलं, अवघडलीस तर हाक मार. तिनं एकदाही मारली नाही. मला वाटलं, बरी झोप लागतेय.

धाकटी : आणि?

ताई : आज सकाळी चादर बदलताना दिसलं. माकडहाडावर. वाटीएवढी जखम. आत पांढरं दिसतंय. म्हणून तुला फोन केला.

धाकटी : हो बाजूला. तू हात लावू नकोस.

(आतली खोली. धाकटी आईला हलकेच कुशीवर घेते.)

धाकटी : आई गं... एवढं चिघळेपर्यंत गप्प राहिलीस? भिंतीपलीकडे तर झोपते ही. एक हाक मारायची होतीस.

आई : मारली असती, तर उचलायला आली असती ती.