ताकदीच्या गोळ्या

लुसी : हळू बोल म्हणजे काय, मम्मी? अजून किती हळू बोलू? पप्पांना तो अटॅक आला तेव्हापासून या घरात सगळे हळूच बोलतायत. म्हणून तर आपल्या बोटीवरचा मायकल सलाईनवर पडलाय.

रिटा : ओटीवर जाळं शिवत बसलेत तुझे पप्पा. ऐकतील.

लुसी : ऐकू देत. त्यांचंच हृदय आहे.

रिटा : मायकलला चक्कर आली ती उपाशी पोटी. चहासुद्धा न घेता बोटीवर चढतो तो. त्यात पप्पांचा काय संबंध?

लुसी : त्याच्या बायकोने मला पाकीट दाखवलं. त्याच्या खिशात सापडलं. पप्पांच्या गोळ्यांचं पाकीट, मम्मी. मी स्वतः माणिकपूरच्या दुकानातून आणून देते, मला ओळखू येणार नाही? त्या गोळीने त्याचं बीपी इतकं खाली गेलं की जाळं ओढता ओढता आडवा झाला. पाण्यात पडला असता तर?

रिटा : जेजू देवा! त्याच्याकडे कशा गेल्या?

लुसी : त्यालाच विचारलं मी. म्हणाला, तांडेलने, म्हणजे पप्पांनीच दिल्या. ताकदीच्या आहेत.

रिटा : असं म्हनाला तो?

लुसी : ताकदीच्या! हा शब्द कोणाचा?

रिटा : माझा. लहानसा झटका होता, आता फक्त ताकद भरायची, असं सांगितलं. नायतर काय सांगू त्यांना? तुमचं हृदय खराब झालं, आता मरेपर्यंत गोळ्या खा? तुझ्या आज्याला पोटात गाठ हाय म्हनून सांगितलं, त्याच दिवशी त्याने भिंतीकडे तोंड केलं. परत फिरवलं नाय.

लुसी : आजोबा गाठीने गेले. ऐकून नाही गेले.

रिटा : तू तेव्हा पाळन्यात होतीस. मी बघितलंय.

लुसी : आणि तो डॉक्टर! पेशंटला आत खुर्चीत बसवतो आणि त्याच्या हृदयाची गोष्ट त्याच्या बायकोला दारात उभं करून सांगतो. का? तर बायकोने हात जोडले. आणि मीही तिथेच उभी होते, मान हलवत. मला आता स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतंय.

रिटा : पन स्प्रिंग टाकली ना! नस मोकळी झाली म्हनाला तो. मग आता काय राहिलं?

लुसी : नस मोकळी झाली, पण कधी? ते रात्रभर सोडा पीत बसले, गॅस आहे म्हणून. तू ओवा चोळलास. सकाळ होईपर्यंत त्या नसेवर जगणारा हृदयाचा तुकडा मेला होता. मेलेलं मांस परत जिवंत होत नाही. तिथे वण होतो, कडक, तो आकसून रक्त ढकलत नाही. मग बाकीच्या हृदयाला त्याचंही काम करावं लागतं. ते ताणलं जातं, पातळ होतं, फुगत जातं. त्या गोळ्या त्याच्यासाठी होत्या, फुगू नये म्हणून. परवा इको केला ना? आणखी पसरलंय.

(ओटीवरून प्लासिड आत येतो. हातात जाळं शिवायची सुई.)

प्लासिड : काय पसरलंय?

रिटा : तांदूळ. तांदूळ पसरले खाली.

प्लासिड : कुठे हायत?

रिटा : भरले आताच.

प्लासिड : आनि इको तांदळाचा केला? मी बहिरा नाय, रिटा. इंजिनाच्या आवाजात पन मला खलाशी काय कुजबुजतात ते कळतं. बोल गो लुसी.

रिटा : लुसी, नको.

लुसी : पप्पा, तुम्ही मायकलला गोळ्या का दिल्या?

प्लासिड : त्याच्या बायकोने चहाडी केली? बोटीवर जे येतं ते वाटून घ्यायचं. मासळीचा वाटा, भाकरीचा वाटा. मग ताकदीचा पन. बघ ना कसा सुकलाय तो!

लुसी : पण तुमच्या होत्या त्या.

प्लासिड : मला जास्त होत होत्या. गोळी घेतली की उठताना डोळ्यांपुढे अंधार. म्हटलं, आपल्या अंगात ताकद मावत नाय, ज्याला कमी हाय त्याला देऊ.

लुसी : ऐकलंस, मम्मी? यांना ताकद जास्त झाली!

रिटा : मला काय माहीत हे असं करतील?

लुसी : पप्पा, बसा. त्या ताकदीच्या गोळ्या नव्हत्या. हृदयाच्या होत्या. तो झटका लहानसा नव्हता. मोठा होता. हृदयाचा एक भाग मेलाय, आणि बाकीचं ताणून ताणून मोठं होतंय. तुम्हाला हे तेव्हाच सांगायला हवं होतं. आम्ही सांगितलं नाही.

प्लासिड : कोनाकोनाला माहीत हाय?

रिटा : कोनाला नाय.

प्लासिड : फ्रेडरिकला?

रिटा : भाऊ हाय तुमचा. त्याला सांगायलाच लागलं.

प्लासिड : फादरला?

रिटा : ते घरी आले होते.

प्लासिड : म्हंजे फादरला पन. त्या रविवारी मिस्साला आजाऱ्यांसाठी प्रार्थना झाली, त्यात प्लासिड नाव घेतलं. मी म्हटलं, हा कोन दुसरा प्लासिड, बिचारा. त्याच्यासाठी मी पन डोळे मिटून प्रार्थना केली. जोरात आमेन म्हटलं! लोकं वळून बघत होती. मला वाटलं, माझा आवाज चांगला लागलाय.

रिटा : हसू नका असं. मला भीती वाटते.

प्लासिड : हसत नाय मी. बर्फवाला हल्ली मला लादी उचलू देत नाय. काका, राहू द्या, म्हनतो. त्याला पन?

रिटा : त्याला मीच सांगितलं. उचलू देऊ नको म्हनून.

प्लासिड : सगळ्या पाचूबंदरला माझ्या छातीत काय हाय ते माहीत. मला सोडून! सोळाव्या वर्षापासून समुद्रात जातो मी. वादळ येनार असलं तर खलाशांपासून लपवतो काय? सांगतो, वादळ येतंय, दोऱ्या आवळा. लपवलं तर दोऱ्या कोन आवळनार?

रिटा : मला नाय जमलं. तुमी भिंतीकडे तोंड कराल असं वाटलं.

लुसी : पप्पा, एक विचारते. रात्री तुम्ही ओटीवर खुर्चीतच का झोपता?

प्लासिड : हवा लागते.

रिटा : आत पंखा नवा लावलाय.

प्लासिड : पंख्याची हवा ती हवा काय?

लुसी : आडवे झालात तर काय होतं?

प्लासिड : काय होनार? झोप येते.

लुसी : पाय पुढे करा.

प्लासिड : कशाला?

लुसी : करा म्हणते ना. बघ, मम्मी. मी अंगठा दाबला, उचलला. खड्डा तसाच. सुजलेत. बघितलंस तू?

रिटा : लुंगी एवढ्या खाली सोडतात हल्ली. मला वाटलं, थंडी वाजते.

लुसी : या उकाड्यात?

प्लासिड : बस झालं. सांगतो. आडवा झालो की पानी चढतं. इथपर्यंत, नाकापर्यंत. दचकून उठून बसलो की उतरतं. म्हनून खुर्ची.

रिटा : कधीपासून?

प्लासिड : आता दिवस कोन मोजतो? तू घाबरशील म्हनून बोललो नाय.

लुसी : वा! काय घर आहे! ही त्यांना घाबरू देत नाही, ते हिला घाबरू देत नाहीत, आणि हृदय तिकडे एकटंच घाबरत बसलंय. उठा. छातीत पाणी साठतंय, आत्ता दवाखान्यात निघायचं.

प्लासिड : आता? पहाटे भरतीला बोट सुटनार. बर्फ भरलाय, डिझेल भरलंय. मायकल पडलाय. मी नाय गेलो तर सुकानूवर कोन बसेल?

लुसी : फ्रेडरिककाका.

प्लासिड : फ्रेडरिकला इंजिनाचं कळतं, समुद्राचं कळत नाय.

लुसी : आणि तुम्ही जाळं ओढताना तिथेच पडलात तर? किनारा गाठेपर्यंत तुमच्याजवळ कोण आहे? बर्फ?

रिटा : ऐका तिचं. माझ्यासाठी नको, बोटीसाठी ऐका. तांडेल पडला तर बाकीच्यांना घेऊन कोन येनार?

प्लासिड : लुसी, खरं सांग. फुगलेलं परत बसतं काय? की आता फुगतच जानार?

लुसी : मला माहीत नाही, पप्पा. खरंच नाही माहीत. डॉक्टर म्हणतो, गोळ्या नीट घेतल्या तर कधी कधी थोडं आत येतं. मेलेलं परत येत नाही. पण राहिलेलं वाचवता येतं. आपण मधले महिने घालवले.

प्लासिड : थोडं येतं.

लुसी : कधी कधी.

प्लासिड : बरं. हे तरी खरं बोललीस. अजून काय?

लुसी : खारं, सुकी मासळी, पापड, लोणचं सगळं बंद. पाणीसुद्धा डॉक्टर सांगेल तेवढंच.

प्लासिड : पाचूबंदरात राहून सुकं बंद! त्यापेक्षा फादरला सांग, पुन्हा एकदा नाव घे.

रिटा : गप बसा हो! वाटेल ते बोलू नका.

लुसी : रिक्षा बोलावते मी. मम्मी, सगळे रिपोर्ट घे. आणि या वेळी डॉक्टर जे बोलेल ते पप्पांच्या तोंडावर बोलेल. तू दारात जायचं नाहीस.

रिटा : नाय जात.

प्लासिड : फोन दे माझा. मायकलला सांगायला पायजे. तो उद्या उठून धक्क्यावर यायचा, तेवढा वेडा हाय तो.

रिटा : सांगा, ताप आलाय म्हनून. उगाच बोटीवर बोंबाबोंब नको. खलाशी घाबरतील.

प्लासिड : रिटा.

रिटा : बरं. नाय बोलत.

प्लासिड : हॅलो, मायकल? मी. सलाईन संपली काय? ... बरं. ऐक, उद्या बोट फ्रेडरिक नेईल, नायतर नाय जानार. तू पडून राहा. ... नाय, मी नाय येत. ... नाय रे, ताप नाय. हृदय. ... माझं. एक तुकडा मेलाय त्याचा. तुला दिल्या त्या गोळ्या त्याच्यासाठी होत्या. परत तोंडात घालू नको. ... मला तरी कुठे माहीत होतं? आताच कळलं. ... मायकल? ... गप का झालास? ... अरे, मी हाय अजून.