आजोबांचं नाव पुस्तकात राहिलं

वज्रेश्वरीच्या रस्त्याला आमचं गाव हाय, तिथला माझा जन्म, तीन पोरींच्या पाठीवर दादा झाला आणि दादाच्या पाठीवर मी, म्हणजे कुणाला नको असताना आलेली. घर खातंपितं, भातशेती रस्त्यापासून पार ओढ्यापर्यंत. मी शिकले ती माझ्याकडं कुणाचं लक्ष न्हवतं म्हणून. एसटीनं भिवंडीला कॉलेज, मग एमए, मग कॉलेजातच इतिहास शिकवायची नोकरी आणि टेमघरला खोली. लग्न केलं न्हाय, का ते विचारू नका.

नोकरी पक्की झाल्यावर पीएचडीला नाव घातलं. माझ्या सरांनी विषय दिला, ठाणे जिल्ह्यातली वेठबिगारी मोडणारी चळवळ. मी नाक मुरडलं, गुलामगिरी म्हणजे मला वाटायचं आफ्रिका, जहाजं, साखळ्या. सर म्हणाले, बाई, तुमच्याकडं साखळी लागायची न्हाय, लग्न लावून देऊन माणूस बांधायचे. लग्नगडी म्हणायचे त्यांना. आदिवासी पोराच्या लग्नाचा खर्च मालक करायचा आणि मग नवराबायको दोघं मालकाच्या दारात जन्मभर राबायची. आता मालक म्हणजे कोण, तर दुसऱ्या कुणाचे तरी आजे, असं धरून मी चालले. काय सांगू तुम्हाला, पोरांना इतिहास शिकवणारी बाई मी, आपल्या घरात कधी विचारलं न्हाय.

तेव्हा मोबाईल नुकते हातात आलेले, पण मी टेपरेकॉर्डर घेऊन रविवारी पाड्यापाड्यांवर जायचे. तिथं मला बुधी भेटली. पंचाहत्तरीची बाई, पाठीत वाकलेली, डोळा मात्र असा की समोरचा माणूस गप्प व्हावा. पहिल्यांदा गेले तर माझ्याकडं बघतच राहिली, बस पण म्हणाली न्हाय. मग बोलली. ती आणि तिचा नवरा लहानू, दोघं एका मालकाचे लग्नगडी. चळवळीची माणसं पाड्यावर येऊन बोलून गेली आणि दुसऱ्या दिवशी भाताची झोडणी चालू असताना सगळ्या गड्यांनी भारे खाली टाकले, म्हणाले, आजपासून आम्ही येनार न्हाय. मालकानं काठी घातली ती लहानूच्या कानशिलात, त्या कानानं त्याला परत ऐकू आलं न्हाय. पण गेले ते गेलेच, सगळ्या गड्यांनी एका दिवसात दार सोडलं.

मी विचारलं, मालकाचं नाव? बुधी म्हणाली, नाव कशाला पायजे. तीन रविवार गेले, तीन वेळा हेच. चौथ्या खेपेला मी म्हटलं, बरं, घर कुठं होतं ते तरी सांग. तर सांगायला लागली, ओढ्याच्या वर, दारात गुरांच्या पाण्याची दगडी डोणी, मागं खळं, खळ्याला लागून आमची खोपटी. ते आमचंच घर. त्या डोणीत मी लहानपणी कागदाच्या होड्या सोडल्यात हो. बुधी म्हणाली, पयल्या दिशीच वलखलं तुला, त्याचंच नाक हाय. मी म्हटलं, मग सांगितलं का न्हाय? म्हणाली, बगत व्हते, कललं तर लिवतेस का पलतेस.

लिहिलं. आजोबांच्या नावासकट लिहिलं, आणि प्रबंधाचं पुस्तक होणार हे गावात कळलं. दादाचं कशेळीला गोडाऊन, तो जिल्हा परिषदेच्या निवडणुकीला उभा राहणार होता. गाडी घेऊन खोलीवर आला, उभ्यानंच बोलला. लोकांच्या पोरी घराण्याचं नाव काढतात, तू पण काढ, पुस्तकातून काढ. मी म्हटलं, खोटं असेल तर दाखव. तो म्हणाला, खोटं कुठं म्हणतोय मी? बघा, म्हणजे त्याला ठाऊक होतं, बाबांना होतं, आईला होतं, सगळ्या घराला ठाऊक, आणि आमच्या जेवणाच्या पंगतीत आजोबांचं नाव निघालं की निघायचा त्यांचा दानधर्म. आई म्हणाली, सापाला दूध पाजलं मी. गणपतीला गेले तर वहिनीनं आरतीचं ताट माझ्यासमोरून पुढं नेलं. कॉलेजातले लोक पण तसेच, स्टाफरूममध्ये मी शिरले की बोलणं बंद. प्रकाशनाला हॉल मिळाला होता, आदल्या दिवशी निरोप आला, हॉलमध्ये रंगकाम हाय. कसलं रंगकाम, मी जाऊन बघितलं, कुलूप होतं.

मग प्रकाशन पाड्यावरच्या शाळेच्या ओट्यावर केलं. माझे सर आणि पाड्यावरची माणसं. मी बुधीच्या हातात पुस्तक दिलं आणि ते पान वाचून दाखवलं, लहानूचं नाव, तिचं नाव, आजोबांचं नाव. मला वाटलं रडेल, डोक्यावर हात ठेवेल. ती म्हणाली, बरा लिवलास. आनि जमीन कोनाच्या नावावर हाय? खोपटीची जमीन गो, लहानूनं बांध घातलेली.

ती बाबांच्या नावावर होती. वर्षभरात बुधी गेली.

पुढं बाबा वारले आणि सातबाऱ्यावर सगळ्या भावंडांची नावं लागली, माझं पण. दादाला ती जमीन रिसॉर्टवाल्याला विकायचीय. तिन्ही बहिणींनी सह्या दिल्या. मी म्हटलं, खोपटीचा तुकडा बुधीच्या लेकाच्या नावावर कर, मग बाकी सगळं सोडते. दादा म्हणाला, कातकऱ्यांना जमीन? डोकं फिरलंय तुझं. तेव्हापासून कोर्ट. तारखेला दादा समोरच्या बाकावर बसतो, माझ्याकडं बघत न्हाय. पुस्तक काही कुणी फार वाचलं न्हाय, मला प्रोफेसर केलं न्हाय, करणार पण न्हाईत, त्याचं मी सोडून दिलंय. दादाच्या पोराबाळांना देव सुखात ठेवो, त्याचा धंदा वाढो, माझं काही म्हणणं न्हाय. सही मात्र मिळायची न्हाय.