सवतीची बाग

— आरं, बंद कर म्हनलं न्हवं ते धूड! दडे बसले कानाला. हां, आता कसं. उतर खाली, तुझा जेसीबी काय पळून जात न्हाई. बस हितं पायरीवर, च्या टाकलाय. नाव काय तुझं? एकनाथ? आन कुटला? परभनीचा! एवढ्या लांबनं आमची झाडं पाडाय आलास व्हय — न्हाई, तुला न्हाई बोलत, तुझं कामच हाय ते. फोन आमच्या अमोलनं केला आसंल, पन बोलवलंय मी. सगुणाबाईनं. खोल्या काढायच्यात हितं, हिंजवडीतल्या पोरांना भाड्यानं द्याय. समद्या घोटावड्यानं खोल्या काढल्या, आमच्याच घराला ह्यो झाडोरा. पावसाच्या आत मोकळं झालं पायजे. अमोलनं दोनदा इचारलं, आई, नक्की ना? म्हनलं, नक्की. एकदा बोलले की बोलले.

बाग आमच्या ह्यांची. हैबतराव म्हनत्यात — म्हनायचे. ह्या चैतात गेले. नव्वदीला टेकलं हुतं म्हातारं, पन हातातलं खुरपं सुटलं न्हवतं. काय म्हनलास, आवड हुती? आवड? सवत हुती माजी ही बाग! मला बगाय आले न्हवं, तवाची गोष्ट. मी मुळशीची, धरनाकडची. मी पोहे घिऊन भाईर आले, तर नवरदेवाची नजर माज्यावर न्हाईच — खिडकीतनं मागं परसात. बापानं हात जोडून इचारलं, पाव्हनं, काय मागनं आसंल ते मोकळं बोला. बापाला वाटलं — आता हे घड्याळ मागतंय का सायकल! तर हे म्हनाले, त्या सोनचाफ्याखाली रोपं उगवल्यात, त्यातलं एक मिळंल का? झालं. लगीन लागलं, बैलगाडीतनं सासरी निघाले, तर नवरीच्या मांडीवर डालड्याचा डबा आन डब्यात रोप! ऊन कसलं रखरखतं. वाटंत हे हळूच म्हनाले, ऊन लागत न्हाई ना? मी लाजले. मान खाली घालून म्हनलं, न्हाई वो. तर खांद्यावरचं उपरनं काढलं आन धरलं — कुनावर? रोपावर! हसू नगंस. तवा मला रडू आल्यालं.

च्या घे, निवतोय. तर आसा मानूस. सोभाव म्हनशील तर लोन्यावानी. आवाज चढवून बोलल्यालं मी उभ्या जल्मात ऐकलं न्हाई. मी भांडायची आन हे झाडांच्या बुडाशी पान्याला आळी करत बसायचे. आता एकटीनं कितीक भांडावं मानसानं? दमून जायची मी. मग हेच पान्याचा तांब्या घिऊन यायचे — घसा सुकला आसंल, म्हनायचे. पलीकडं कंपनी आली तवा राखनदार म्हनून लागले तितं. गेटाशी बसून करायचं काय? लावली जास्वंद. ती आशी फोफावली की ट्रक वळंना. सायब तडकला — हैबतराव, एक तर जास्वंद राहील न्हाईतर तुमी! हे म्हनाले, सायब, मी जातो, पन तिला पानी घालाय कुनाला तरी सांगा. आता अशा मानसाला काय म्हनावं? सायबानं डोस्क्याला हात लावला आन गेटच सरकवलं पलीकडं. खोटं न्हाई, जाताना बघ, वाकडंच हाय अजून.

आन तू सुरुवात कुटनं करनार? फनसापासनं? — तितनं नगं. तो उषाचा हाय. थोरली लेक आमची. पयली मुलगी झाली म्हनून सासूनं तोंड फिरवलं, तर ह्यांनी गावभर जिलेबी वाटली आन त्याच दिशी फनस लावला. पोरीच्या येन्या घालायचे, सांगते काय! तवा गडीमानूस आसं करत न्हवता, लोक हसायचे. हे म्हनायचे, वेलाला आधार देतो, मग केसाला दिला तर काय झालं? उषाचं लगीन झालं, सासरी निघाली, तर वऱ्हाडासमोर लेकीच्या गळ्यात पडाय लाजले. मागं गेले आन फनसाला मिठी मारून रडले. तर मुंगळे चढले की धोतरात! इकडं लेक गाडीत बसून हुंदके देतीया, आन तिकडं बाप मांडवामागं नाचतोय. जावायाला वाटलं, सासऱ्याला लई आनंद झालाय.

त्याच फनसावर आमच्या शेजारचा गेनबा चढल्याला, भर दुपारी, चोरून. ह्यांनी बगितलं. मी आसते तर काठी घेतली आसती. हे गेले आन गपचिप शिडी धरून हुबे राहिले! आन म्हनत्यात कसे — गेनबा, डावी फांदी कच्ची हाय, उजवीवर पाय ठिव. गेनबा असा दचकला, की फनसासकट ह्यांच्या अंगावर! ह्यांचा हात मोडला. मग काय, हात जुळंस्तवर गेनबा रोज येऊन बागंला पानी घालायचा, आन हे प्लास्टरातला हात हालवत त्याला शिकवायचे. निम्मा फनसबी त्यालाच दिला. मला म्हनले, पडला न्हवं बिचारा. आरं, पडला तुमच्या अंगावर!

मग? मग काय, गेले. सकाळी च्या पिले, म्हनले जरा पडतो, आन पडले ते पडलेच. तरास न्हाई कुनाला. जातानाबी न्हाई दिला. दहाव्याला मानसं घाटावरनं परत आली, मी आपली मागल्या दाराला हुबी राहिले — आन बगते तर काय, समदी बाग फुललेली. मोगरा, जास्वंद, त्यो चाफा, समदे. नुस्ता घमघमाट! माझं डोस्कंच फिरलं. म्हनलं, लाज वाटत न्हाई तुमाला? ज्यानं पोटच्या लेकरावानी वाढवलं तो आज दहा दिस झाले न्हाई, माज्या घरात चूल न्हाई नीट पेटली, आन तुमी नटून बसलाय? कुनाच्या लग्नाला? एक पान गाळायचं हुतं की रं. एक तरी. तवाच अमोलला म्हनलं, बोलव जेसीबी. उखडून टाक समदं, मला डोळ्यासमोर नगं.

— काय? हिरवी कशी मग? पानी कोन घालतं म्हंजी काय, मीच घालते. पाडायची झाली तरी तहानलेली कशी ठिवायची? रोज सकाळी जाते, पानी घालते आन शिव्या देते. ती बी ह्यांच्यावानीच हायेत मेली — एक उलटून बोलत न्हाई. मग बोलून बोलून घसा सुकतो, आन… आता तांब्या माजा मलाच आनावा लागतो.

— थांब, फोन वाजतोय. अमोलच हाय. हां बोल. व्हय, आलाय. न्हाई, सुरू न्हाई केलं. परत चाललाय तो. का म्हंजी? मी सांगितलं म्हनून! एकदा बोलले की बोलले… अमोल? आरं, रडतोयस का हसतोयस? गाडी चालवतोय न्हवं, समोर बघ आधी. ठिव.

तू काय बगतोयस माज्या तोंडाकडं? झाला न्हवं च्या? ऊठ मग. आन हे समदं परभनीला जाऊन सांगत बसू नगंस. जा, काढ तुझं ते धूड. आरं हळू! मागं बघ की मुडद्या — मागं अळू हाय!