आनंदरावांचं कुलूप

— न्हाई हो आजी, डोकं बिकं काय फिरलेलं न्हाई माझं, अशीच हसतीये. सकाळपासनं थांबतच न्हाई. आमच्या गावावरनं, मार्गासनीवरनं येताना जीपमधी सुद्धा बघत होते लोक — एक बाई तर म्हणाली, पोरीचं लगीन ठरलेलं दिसतंय! लगीन कसलं, त्याच्यापरीस लई मोठं झालंय. सरका जरा. भोरची गाडी गेली न्हाई ना अजून? मग बसते हितंच. द्या ते करडू माझ्याकडं, चहा सांडंल तुमचा. अगं ए, ओढणी सोड, नवी हाय ती!

कुठं निघाले? भाटघरला. आनंदराव सरांकडं. वळखत असाल — बुटके, पांढऱ्या मिशा, चार वाक्यांच्या जागी एक शब्द बोलणारे. न्हाई? बरं. आमच्या कंपनीत होते. म्हंजी कंपनी पुण्यात, मी घरनंच काम करते, माळ्यावर बसून, तिथंच रेंज येती. ॲम्ब्युलन्सचं काम. चालवत न्हाई हो! फोन आला का कुठली गाडी कुठं धाडायची, ते आमचा प्रोग्राम ठरवतो. आता फोन काय एक येतो व्हय? एका टायमाला धा येतात. म्हणून प्रोग्रामच्या पोटात धा जण राबतात — माणसं न्हाईत, त्याचेच तुकडे, थ्रेड म्हणतात — तुमी समजा धा कारकून. आणि वही मात्र एकच. कुठली गाडी मोकळी, कुठली गेलेली. दोघांनी एकदम वहीत हात घातला तर? एकच गाडी दोघांच्या नावावर! म्हणून वहीला कुलूप. एकानं घ्यायचं, लिहायचं, सोडायचं, मग दुसऱ्यानं. समजलं ना? बघा, तुमाला समजलं, आमच्या साहेबांना दोन वर्सं लागली.

तर अशी कुलपं तयार मिळतात. पर सरांनी स्वतःचं बनवलं. का? तयार कुलपात जरा वेळ जायचा, आणि सर म्हणायचे, तिकडं माणूस तळमळतंय, हितं आपण दारात ताटकळायचं? सुरेख बनवलं हो — मी पहिल्यांदा वाचलं तवा दोनदा वाचलं, गोष्टीवाणी. पर झालं काय, आमच्याकडं एक पहारेकरी असतो. तो पण प्रोग्रामच. कुणी कुलूप न घेता वहीला हात लावला का त्यानं बोंब मारायची, एवढंच त्याचं काम. त्याला बाजारची कुलपं ठाव, सरांचं घरगुती कुलूप त्याला कुलूप वाटायचंच न्हाई! मग काय — सरळ माणूस आला तरी बोंब, वाकडा आला तरी बोंब. अर्ध्या तासात तेराशे बारा बोंबा. ऐकणार कोण? गप करून कोपऱ्यात बसवला त्याला.

आणि मग गेल्या वर्षी एक बाई घाटात, भाजीच्या टेम्पोत बाळंत झाली. गाडी येतीये, येतीये म्हणून वाट बघत होते, आणि गाडी भलतीकडंच गेलेली. एकच गाडी दोघांना दिली होती आमच्या प्रोग्रामनं. न्हाई न्हाई, बाई आन् बाळ दोघंबी खुशाल — मुलगी झाली, तिच्या बापानं टेम्पोवाल्याला फेटा बांधला म्हणं. तरी पर आजी, कायतरी बरंवाईट झालं असतं तर? मीटिंग बसली. साहेब म्हणाले, घरगुती कुलूप, दुसरं काय होणार. सर म्हणाले, "माझं कुलूप पक्कं हाय. नीट तपासा." तेवढंच बोलले. कुणी तपासलं न्हाई. पंध्रा दिसांनी राजीनामा देऊन घरी आले, आता भाताची शेती करतात.

म्हणून म्या ठरवलं, पहारेकऱ्याला कुलूप वळखायला शिकवायचं. साहेबांच्या मागं लागून लागून काम मागून घेतलं. तीन आठवडे, आजी! करायचं काय असतं — कुलपाच्या आत जागा शोधून खुणा करायच्या. हितं कुलूप घेतलं, बाबा. हितं सोडलं. ऐकायला सोपं. पहिल्या दिवशी "सोडलं" ही खूण म्या सोडल्याच्या नंतर केली — बोंबा थोड्याच कमी झाल्या. दोन दिवस डोकं खाजवलं. मग उजेड पडला: मी सांगायच्या आधीच दुसरा कुलूप घेऊन मोकळा! पहारेकऱ्याला वाटतंय दोघंबी आत. म्हणून "घेतलं" हे घेतल्यावर सांगायचं, पर "सोडलं" हे सोडायच्या आधी. एवढंच. एका ओळीची जागा बदलली, आणि मी खुर्चीवरनं उठून माळ्यावर नाचले — खाली आई वरडली, धने, माती पडतीये भाकरीवर! मग आणखी एक — कुणी कुलूप मागतं आणि त्याला मिळत न्हाई, तवा पण मी येड्यावाणी "घेतलं" म्हणून सांगत होते. ते पण काढलं. आज सकाळी पूजेच्या टायमाला पहारेकरी सोडला. अर्धा तास चालला. तेराशे बारावरनं किती? सांगा की. एक! एकच बोंब, आजी! सरांचं कुलूप पक्कं! एक न्हाई दोन न्हाई, कुठंच खोट न्हाई!

हां? ती एक? ती... ती खरी होती. एका ओळीत कुलूप घ्यायच्या आधीच वहीत डोकावलं होतं — गाडी मोकळी हाय का, एवढंच बघायला. बघितलं, मग कुलूप घेतलं, मग गाडी दिली. मधल्या वेळात दुसऱ्यानं तीच दिलेली. एवढीशी ओळ. कुणी लिहिली, कुणाला ठाव, असंल कुणीतरी नवीन पोरगं — वेळ वाचवायला गेलं असंल —

खूर लागला की गं तुझा. बस गप.

म्या लिहिली, आजी. कामाला लागले त्या पहिल्याच महिन्यात. सर रजेवर होते, त्यांना न दाखवता घातली, शाबासकी मिळंल म्हणून. आणि मीटिंगमधी — ते पण सांगते आता, तुमी काय कुणाला सांगायला जाता — साहेबांनी मला इचारलं, तुला काय वाटतं? सर बाजूलाच बसलेले. ज्यांनी मला बोट धरून शिकवलं ते. आणि म्या म्हणलं, कुलपातच असंल, साहेब. मला खरंच तसं वाटलेलं हो! का मला तसं वाटून घ्यायचं होतं? सरांनी माझ्याकडं बघितलं सुद्धा न्हाई. समोरची वही मिटली फकस्त.

आणि बघा, सकाळी ती ओळ दिसली, कुणी लिहिली त्या नोंदीत माझंच नाव — रडू यायला पायजे का न्हाई? मला हसू आलं! एक वरीस कायतरी छातीवर बसलेलं, ते उठून गेलं. तशीच लिहायला बसले. सगळ्या कंपनीला मेल. आनंदरावांचं कुलूप निर्दोष हाय, चूक धनश्रीची, ही ती ओळ, हा पुरावा, ही दुरुस्ती. सरांना पण धाडला. साहेब काय म्हणाले? काय की, मोबाईल बंद करून ठेवलाय. काढतील कामावरनं, काढू द्या. म्या म्हणलं आधी भाटघर. पाया पडायचं का माफी मागायची, काय म्हणायचं, तेच पाठ करत आले. "सर, मी चुकले." न्हाई, लई कोरडं. "सर, तुमचं कुलूप —" हे बरं, न्हाई का? त्यांना आवडंल. आधी कुलपाचं सांगायचं, मग माझं. पंध्रा येळा म्हणून बघितलंय, एकदा पण अडखळले न्हाई, मला काय बोलायचं भ्या —

ती भोरकडनं आलेली गाडी ना, पलीकडं थांबलेली? आपली न्हाई ती, पुण्याची. ते कोण उतरतंय — पांढऱ्या मिशा — आजी, ते सर! ते कुठं निघाले हिकडं? वेल्ह्याच्या जीपवाल्याला काय इचारतायत... ऐका, ऐका — मार्गासनी म्हणाले! मार्गासनी म्हणाले ना? माझ्याकडं —

करडू धरा. धरा की. आजी, तुमीच हाक मारा त्यांना. नुसतं "सर" म्हणा. माझ्या तोंडातनं —